मागे माल आहे

"मागच्या सीटवर कोण बसतं?" हा प्रश्न किलो प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचा, आणि प्रत्येक गिऱ्हाईक एकच उत्तर द्यायचं, "कोणी नाही हो, मी एकटाच तर फिरतो." साफ खोटं! गाडी खाली बसवून तिला रुंद चाकं लावायची हौस एकट्याची असते, हे कबूल. पण मागची सीट कुणाची रिकामी राहिलीये? बायको येते, बायकोची बहीण येते, सासू तर येतेच येते. आणि मागे माणसं बसली की आधीच खाली बसवलेली गाडी आणखी खाली जाते, चाक मडगार्डात घुसतं आणि मडगार्डचा आत वळलेला काठ टायर कापत सुटतो. म्हणून किलो ते उत्तर ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा आणि मागे वळून हाक मारायचा, "दादा, ये रे बसायला!"

हा दादा म्हणजे किलोचा सख्खा थोरला भाऊ, अख्ख्या गल्लीचा क्विंटल. नाव शेजारच्या भंगारवाल्याने ठेवलेलं. कधी काळी पैज लागली आणि दादा त्याच्या काट्यावर चढला. काटा शंभरावर जाऊन असा थांबला, की ना इकडे ना तिकडे. "अरे, हा तर क्विंटल निघाला!" भंगारवाला ओरडला, आणि झालं, तेव्हापासून थोरला क्विंटल आणि मुळातच काटकुळा असलेला धाकटा किलो. दोघांची खरी नावं आता फक्त वीजबिलावर छापून यायची.

गॅरेज होतं पुलाच्या कमानीखाली. लांबट, अंधारा गाळा. मागच्या भिंतीला बारा महिने ओल. वरून ट्रक गेला की रंगाचे डबे फळीवर थरथरायचे. पत्रा किलोचा आणि रंग दादाचा, अशी वाटणी बापाच्या वेळेपासून झालेली. रुंद चाकांच्या कामात मात्र दोघांना एकमेकांशिवाय चालायचं नाही. चाक उतरवायचं, त्या जागी रोलर आवळायचा, आणि लांब दांड्याने तो मडगार्डच्या काठावर दाबत मागेपुढे फिरवायचा, म्हणजे आतला काठ हळूहळू वर वळून चिकटतो. पण थंड पत्रा वळवला तर रंगाला चिरा पडणार, जास्त तापवला तर फोड येणार. म्हणून दादा गरम हवेची गन घेऊन शेजारी उकिडवा बसायचा, मधूनच हाताची पाठ रंगाला टेकवायचा आणि म्हणायचा, "आता." त्या 'आता'वर किलो दांडा दाबायचा. दोघं दिवसभर दुसरं काही बोलले नाहीत तरी चालायचं.

काठ किती वळवायचा, हा खरा प्रश्न. कमी वळवला तर टायर घासणार. जास्त वळवला तर आतल्या-बाहेरच्या पत्र्याची जोड उघडणार, आत पाणी शिरणार, आणि मग गंज. त्यासाठी ह्या भावांची आपली एक रीत होती. काठाला निळा खडू फासायचा, दादाला मागे बसवायचं आणि गल्लीतल्या गतिरोधकांवरून एक फेरी मारायची. जिथे टायरवर निळं उमटलं, तिथे काठ नडतोय. तेवढाच वळवायचा, पुन्हा खडू फासायचा, पुन्हा दादा, पुन्हा फेरी. दुसऱ्या फेरीत टायर कोरं आलं की काम पास. पहिल्या फेरीत कोरं आलं, असं मात्र आजवर एकाही गाडीचं झालं नव्हतं. दादा मागे बसलाय आणि टायर कोरं? शक्यच नाही!

बाकीचे गॅरेजवाले वाळूची पोती टाकायचे. किलो नाक मुरडायचा. पोतं हलत नाही, वळणावर कलत नाही. माणूस कलतो. दादा सीटच्या मधोमध ऐसपैस बसायचा, प्रत्येक गतिरोधकाच्या आधी पुढच्या सीटवर थाप मारायचा आणि ओरडायचा, "हळू रे, मागे माल आहे!" टायरवाले, बॅटरीवाले दारात येऊन हसायचे. फेरी संपली की खरी गंमत. इतक्या खाली बसलेल्या गाडीतून दादाला बाहेर काढणं म्हणजे विहिरीतून म्हैस काढण्यासारखं होतं. किलो एक पाय दाराच्या उंबऱ्याला रोवायचा, दादाचे दोन्ही हात धरायचा, आणि दादा आतून हुकूम सोडायचा, "जोर लाव, किल्या! जेवलायस ना?"

तर असं सगळं नीट चाललं होतं. मग थंडीत सलूनवाल्याची पिवळी गाडी आली.

काम नेहमीसारखंच झालं. पहिल्या फेरीत टायरवर निळं उमटलं. थोडंसंच होतं, एक बारीक रेघ. किलो खूश झाला. म्हणाला, "बघ दादा, स्प्रिंगा कशा मापात बसवल्यात. काठ नावाला वळवला की झालं." त्याने तो नावाला वळवला, दुसऱ्या फेरीत टायर कोरं आलं, गाडी पास. त्या दिवशी 'मागे माल आहे' ही आरोळी काही आली नाही, आणि दादा कुणाची वाट न पाहता, दाराला धरून धरून स्वतःच खाली उतरला. किलो तेव्हा चाकाशी वाकलेला होता. त्याचं लक्षच नव्हतं.

दुसऱ्याच आठवड्यात सलूनवाला आला, तो गाडीशिवाय आला. अपघाताच्या वेळी मागे बायको, सासू आणि मावससासू बसल्या होत्या. नदीवरच्या पुलाच्या उतारावर मागचं टायर फुटलं, गाडी कठड्यावर आपटली, सासूचा हात मोडला. टायर कापलं होतं मडगार्डच्या काठाने.

"तपासली होती ना तुम्ही?" सलूनवाला किलोच्या अंगावर धावून आला. "त्या तुमच्या हत्तीला मागे बसवून? काय तपासलंत? नदीत गेलो असतो ना आम्ही सगळे!"

किलोच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने दादाकडे पाहिलं. दादा पाठमोरा उभा राहून डब्यात रंग ढवळत होता. ढवळतच राहिला. किलोला ते लागलं. इतक्या वर्षांत गिऱ्हाईक चढलं की पुढे व्हायचा तो दादा, आणि आज त्याने पाठ फिरवली.

किलो माफी मागायला सलूनवाल्याच्या घरी गेला. सासू प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून बसली होती, शेजारी मावससासू. दोघी अशा किडकिडीत, की फुंकर मारली तर उडतील. किलो त्यांच्याकडे पाहतच राहिला. दादा बसून जे टायर घासलं नाही, ते ह्या दोन चिमण्या आणि एक लेक बसून घासलं? कसं शक्य आहे?

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. किलोच्या नाही आलं. रोज डोळ्यांसमोर असलेलं माणूस दिसेनासं होतं, तसा दादा त्याला दिसेनासा झाला होता. थंडीचे दिवस. दादा स्वेटरवर स्वेटर, त्यावर रंगाने कडक झालेला ढगळ झगा घालायचा, आणि तोंडाला रंगाऱ्याचा मास्क. एरवी स्वतःचा डबा संपवून किलोच्या डब्यात हात घालणारा दादा हल्ली म्हणायचा, "तूच खा रे, माझं पोट भरलंय." आणि किलो खायचा! वर चेष्टाही करायचा, की आता ह्या वयात सडपातळ होऊन कुठे मिरवायचंय? दादा झिजत चालला होता, सहा महिने झिजत होता, आणि सख्खा भाऊ त्याच्या वाटणीचा घास मिटक्या मारत खात होता. पुढे आयुष्यभर किलोला ह्या एका गोष्टीची लाज वाटायची.

त्या वेळी त्याला वाटलं ते भलतंच. त्याला वाटलं, आपला हात गेला. रोलरचा दांडा किती दाबायचा, हे हाताला कळेनासं झालं. त्याने काम करताना दोनदा हातोडा चुकीच्या जागी मारला. घरी बायकोशी धड बोलेना. शेवटी एका दुपारी हात पुसत तो म्हणाला, "दादा, रुंद चाकांचं काम बंद करू आपण. ठोकाठोकी करू, दारं सरळ करू. माझ्या हातून माणूस मरायचं एखादं."

दादाने मास्क खाली ओढला. "तुझ्या हाताला काही झालेलं नाही."

"मग सासूचा हात काय हवेत मोडला?"

"मी सांगतो ना, तुझ्या हाताला काही झालेलं नाही," दादा म्हणाला, आणि पुढे काहीतरी बोलणार होता तेवढ्यात वरून ट्रक गेला, डबे थरथरले, आणि ते शब्द त्याने गिळले. "ती फोटोवाल्याची पांढरी गाडी आहे ना, ती कर. तेवढी एक कर. मग बघू."

किलोने फोटोवाल्याची गाडी घेतली. डोळ्यांत तेल घालून केली. पहिल्या फेरीची वेळ आली, त्याने खडू फासला आणि हाक मारली. दादा यायला फार वेळ लागला. आला तो जड पावलं टाकत, भिंतीला हात लावत. झगा गळ्यापर्यंत बंद. बसला तेव्हा गाडी चांगली खाली गेली. किलोचा जीव भांड्यात पडला. फेरी झाली, टायरवर निळं आलं, चांगलं ठळक आलं. किलोने काठ वळवला. दादाने 'आता' म्हटलं, पण गन धरलेला हात थरथरत होता, हे किलोने पाहिलं आणि थंडीवर ढकललं. दुसरी फेरी कोरी आली. किलो उडी मारून खाली उतरला, मागचं दार उघडलं, पाय रोवला आणि दोन्ही हात पुढे केले.

"थांब," दादा म्हणाला, "मी उतरतो माझा."

"चल रे, नखरे कसले करतोस!" किलो हसला आणि सवयीने, नेहमीच्या ताकदीने, त्याने दादाला ओढलं.

झग्याच्या आत काहीतरी टर्रकन फाटलं, आणि दादा एकदम इतका सहज वर आला की किलो मागच्या मागे भिंतीवर आदळला. आणि झग्याखालून खडखड करत शिशाचे तुकडे फरशीवर पडायला लागले. चाकांच्या बॅलन्सिंगला लावतात ते, जुने, काळे पडलेले, मूठमूठभर. पडतच राहिले. दादा त्यांच्या मधोमध उभा होता, एका हाताने दार धरून. त्याला धाप लागली होती.

"हे काय आहे?" किलोने विचारलं. त्याला कळलं होतं. तरी विचारलं.

दादाने झगा उघडला. आत जाड कापडाची बंडी होती, तिला ओळीने खिसे शिवलेले, टाके बारीक, एकसारखे. ते टाके वहिनीचे होते. बंडीखाली दादा होता, म्हणजे दादाचं जे काही उरलं होतं ते. खांद्यांवर पट्ट्यांचे लाल वळ उठले होते.

"सलूनवाल्याची गाडी माझ्यामुळे फसली," दादा म्हणाला. "तुझ्या हाताने नाही. माप खोटं होतं, किल्या. मी क्विंटल राहिलो नव्हतो आणि तू क्विंटल धरून काम करत होतास. म्हटलं, निदान आता तरी गाडी खरी तपासली जावी."

खरं सांगायचं तर किलोला तेव्हा दया आली नाही, राग आला. असा राग, की त्याचे कान तापले. त्याने दादाचं मनगट धरलं आणि त्याला ओढतच शेजारी नेलं. "चढ काट्यावर!"

"किल्या, सोड."

"चढ म्हणतो ना!"

भंगारवाला खुर्चीतून उठला. त्याने दादाकडे पाहिलं, मग मान खाली घातली. त्यालाही ठाऊक होतं तर! शिसं त्यानेच दिलं होतं, आणि किती घालायचं ते ह्याच काट्यावर ठरलं होतं. दादा चढला. काटा हलला आणि थांबला. ज्या आवाजात भंगारवाल्याने एकदा सगळ्या गल्लीला क्विंटल ऐकवला होता, तो आवाज काही निघाला नाही. त्याने आकडा वाचलाच नाही. किलोने वाचला, मनातल्या मनात, आणि तिथेच रद्दीच्या गठ्ठ्यावर मटकन बसला.

"काय झालंय तुला?"

"बाबांना झालं होतं तेच."

बाबांना पोटाचा कर्करोग झाला होता. वर्षभर घरात औषधांचा वास होता, सगळे हळू आवाजात बोलायचे, दारात चपला काढल्यासारखं हसू बाहेर काढून ठेवून आत जायचे. किलो तेव्हा पोरसवदा होता. त्याने महिनाभर तोंड उघडलं नव्हतं, आणि दादाने त्याला रोज गॅरेजमध्ये आणून हातात हातोडा दिला होता, मार म्हणून, कुठेही मार.

"मला का नाही सांगितलंस?" किलो म्हणाला. "वेळेवर कळलं असतं तर..."

"वेळेवर मलाच कळलं नाही. कळलं तेव्हा डॉक्टर माझ्याकडे न बघता कागदाकडे बघून बोलायला लागला. मग म्हटलं, राहू दे. ज्या दिवशी तुला सांगेन त्या दिवसापासून तू माझ्याशी आजाऱ्यासारखा बोलशील. हळू आवाजात. इथे निदान कुणीतरी मला हत्ती म्हणतंय, म्हैस म्हणतंय. मला क्विंटल म्हणूनच राहायचं होतं रे. तेवढंच."

"आणि मला वाटलं माझा हात गेला! मला ते वाटू दिलंस तू!"

दादा काट्यावरच उभा होता, उतरायचं विसरून गेला होता, आणि मग तो रडायला लागला. किलोने दादाला कधी रडताना पाहिलं नव्हतं, बाबा गेले तेव्हाही नाही. त्याचा राग जिथल्या तिथे विरला.

संध्याकाळी तो दादाच्या घरी गेला आणि वहिनीवर तोंड टाकायचं ठरवूनच गेला. वहिनीने दार उघडलं, त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "कळलं ना भाऊजी? बरं झालं. मला आता शिवणं होत नाही." तिच्या बोटांना सुया टोचून टोचून भोकं पडली होती. दर आठवड्याला पँटी आवळायच्या, खिसे वाढवायचे, आणि घरात हे बोलायचं नाही. किलो उंबऱ्यात बसला आणि वहिनी त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेली.

मग इस्पितळाच्या फेऱ्या सुरू झाल्या. डॉक्टरीणबाईंनी किलोला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की आता बरं करण्याची गोष्ट नाही, दुखणं कमी करण्याची आहे. किलोने मान डोलवली, गिऱ्हाइकाचं उत्तर ऐकून डोलवायचा तशी.

दादा दोनदा टॅक्सीने गेला आणि तिसऱ्यांदा अडून बसला. "टॅक्सीतून आजारी माणसं जातात. आपली गाडी काढ."

आपली गाडी म्हणजे गाळ्याच्या मागच्या बाजूला ओल्या भिंतीपाशी वर्षानुवर्षं उभी असलेली निळसर राखाडी गाडी. बाबांची. कधीतरी ती खाली बसवायची, रुंद चाकं लावायची, असं दोघा भावांचं फार जुनं ठरलेलं होतं. गिऱ्हाइकांच्या गाड्यांपुढे तिची पाळी काही आलीच नाही. तिच्यासाठी आणलेली चाकंसुद्धा माळ्यावर गुंडाळून पडली होती.

"भाऊजी, आजारी माणसाला असल्या गाडीतून नेतात का?" वहिनी कावली. "प्रत्येक खड्डा लागेल त्यांच्या हाडांना."

"लागू दे," दादा म्हणाला. "माझी हाडं आहेत."

किलोने गाडी घेतली. दुसरी सगळी कामं परत पाठवली. दादा खुर्चीवर शाल पांघरून बसायचा आणि बसल्या जागेवरून चुका काढायचा. स्प्रिंगा बसल्या, चाकं चढली. गाडी अशी जमिनीला टेकून उभी राहिली, की बॅटरीवाला काम टाकून बघायला आला. दादा बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. बाबा असते तर शिव्या घातल्या असत्या, असं तो म्हणाला, आणि हसला. हसला की आता त्याच्या गालांची हाडं वर यायची.

"चल," तो म्हणाला. "खडू लाव. पहिली फेरी."

"दादा, कशाला? मी पोती टाकतो आज."

"पोती?" दादाने असं काही पाहिलं, की किलोने मुकाट्याने खडू घेतला. मागच्या दोन्ही मडगार्डांच्या काठांना त्याने निळा खडू फासला, जाड फासला, नेहमीपेक्षा दुप्पट. काठ अजून वळवलेले नव्हते, कारखान्यातून आले तसेच धारदार होते, आणि रुंद टायर त्यांच्याखाली अगदी बोटभर अंतरावर होतं. इतक्याशा अंतरात घासणारच. कुणीही बसलं तरी घासेल. किलो मनात घोकत होता, घासू दे, घासू दे.

दादा मागे बसला. गाडी हलली की नाही, ते किलोने मुद्दाम पाहिलं नाही. त्याने गल्लीत गाडी काढली. दुपारची वेळ, ढगाळ, दोन्हीकडचे दुकानदार दारात आले. पण आज कुणी हसलं नाही. पहिला गतिरोधक आला. पुढच्या सीटवर थाप पडली, हलकी.

"हळू रे," मागून आवाज आला, "मागे माल आहे."

किलोने वेग कमी केला नाही, उलट थोडा वाढवला. गाडी आदळली. दादा कण्हला, तो आवाज त्याने दाबला, तरी किलोला ऐकू आला. असं आपण का केलं, हे त्याला कळत होतं, आणि त्याची त्याला शरमही वाटली. पुढचे सगळे गतिरोधक त्याने अगदी हळू घेतले.

कमानीखाली गाडी थांबवून तो उतरला आणि डाव्या चाकाशी वाकला. टायर कोरं होतं. काळं, नवंकोरं, निळ्याचा ठिपका नाही. तो उजव्या चाकाशी गेला. तिथेही नाही. खडूचा थर काठावर जसाच्या तसा होता. इतक्या वर्षांत जे कधी झालं नव्हतं ते झालं होतं. किलो तिथे वाकलेलाच राहिला. सरळ झालो तर चेहरा दिसेल, म्हणून वाकलेला राहिला.

"काय रे?" आतून दादाने विचारलं. "आलं का निळं?"

किलोने अंगठा काठावर घासला, आणि निळा झालेला अंगठा टायरवर दाबून ओढला. पुन्हा एकदा. मग तो उभा राहिला.

"आलं," तो म्हणाला. पुन्हा जरा मोठ्याने म्हणाला, "चांगलं आलंय. दोन्हीकडे. अजून भारी आहेस तू."

"बघू."

"काय बघायचंय त्यात?"

"मागे घे थोडी. मला बघू दे."

किलोने गाडी हातानेच ढकलून थोडी मागे घेतली. चाक फिरून निळा डाग वर आला. दादाने दार उघडून मान बाहेर काढली. आयुष्यभर रंग पाहिलेले डोळे होते ते. गाडीच्या दोन दारांमधला रंगाचा फरक, जो मालकालाही दिसायचा नाही, तो ह्या डोळ्यांना रस्त्यापलीकडून दिसायचा. टायर घासलं की रेघ उमटते, फिरत्या चाकाबरोबर लांब ओढलेली. हा डाग रुंद होता, आडवा होता, आणि एका टोकाला अंगठ्याच्या रेषाही दिसत होत्या. दादाने तो डाग पाहिला. मग किलोचा हात पाहिला, जो किलोने पाठीमागे नेला होता.

वरून ट्रक गेला. डबे थरथरले, थांबले.

"चांगलं घासलंय की रे," दादा म्हणाला. "पुसू नकोस ते. तुझ्या वहिनीला दाखवू. म्हणावं, अजून घासतोय."

"नाही पुसत."

"काठ उद्या वळवू. 'आता' म्हणायला मी आहे." दादाने दोन्ही हात पुढे केले. मनगटं झग्याच्या बाहीत हलत होती. "चल, काढ मला बाहेर."

किलोला एका हाताने जमलं असतं. काखेत हात घालून पोराला उचलतात तसं उचलता आलं असतं. त्याने एक पाय दाराच्या उंबऱ्याला रोवला, दादाचे दोन्ही हात धरले आणि दात आवळले.

"जोर लाव, किल्या," दादा म्हणाला. "जेवलायस ना?"

आणि किलोने जोर लावल्यासारखं केलं.